वॉर्सा ते लिस्बन, चार तास वीस मिनिटं

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

दुपारी एक वाजून दहा मिनिटं. रे रोडच्या वखारीत, माळ्यावर बसून सागाच्या चौदा फळ्यांची मापं वहीत उतरवत होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. वॉर्सात तेव्हा सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. आपल्या वेळेतून साडेतीन तास वजा करायचे. तक्ता भिंतीला चिकटवला आहे. पंखा बंद केला, स्वेटर घातला, मागे पांढरी भिंत येईल असा बसलो आणि मग फोन उचलला.

"झिला, घाम कित्याक येता तुका?"

"हीटर आहे गं आई. इकडे सगळ्या खोल्यांत हीटर लावतात."

माझ्या बहिणीला, दर्शनाला, स्थळ आलं आहे. मुलगा शंतनु, आमच्याच तालुक्यातला. गिरगावात खोताच्या वाडीजवळ त्याची आत्या राधाबाई राहते, तिने आणलंय. मुलगा दीड वर्ष लिस्बनला आहे, हॉटेलात. आई म्हणाली, "तू थंयच आसस, तोय थंयच आसा. शनिवारी जा आणि घर बघून ये."

"आई, लिस्बन लांब आहे."

"लांब म्हणजे कितक्या? लालबाग-गिरगाव?"

बघून सांगतो म्हणालो.

वही नवी आहे म्हणून खरं काय ते एकदाच लिहून ठेवतो. मी वॉर्सात नाही. १२ ऑगस्टला एजंटने दिलेलं तिकीट आणि व्हिसा विमानतळाच्या काउंटरवर खोटे निघाले. दादरमधलं त्याचं ऑफिस दुसऱ्या दिवशी बंद होतं. घरी परत जायला पाय उचलले नाहीत, कारण आदल्या संध्याकाळी लालबागला आमच्या चाळीच्या दारात माझा फ्लेक्स लागला होता आणि सात घरांतल्या माणसांनी हार घातले होते. पूर्वी फर्निचरच्या दुकानात होतो तेव्हापासून ही वखार माहीत होती. इथले जुने माणूस नाना, ते मापं घेतात. त्यांनी शेठला सांगून मला लिहायला ठेवून घेतलं. इथून लालबाग चालत पाऊण तास. अजून गेलेलो नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मोबाइलवर शोधलं. वॉर्सा ते लिस्बन सरळ रेषेत अंतर एका ठिकाणी २,७५० किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी २,७६०, तिसऱ्या ठिकाणी मैलांत दिलं आहे. ते गुणून पाहिलं तर आणखी वेगळंच येतं. एवढ्या मोठ्या गावांचं अंतर यांना एक ठरवता येत नाही याचं आश्चर्य वाटलं. आम्ही इथे फळीचा पाव इंच सोडत नाही. विमानाला एकजण चार तास पाच मिनिटं म्हणतो, एकजण चार तास वीस. मी चार तास वीस धरले. उशिरा पोचलेल्या माणसावर कोणी शंका घेत नाही.

लिस्बन वॉर्सापेक्षा एक तास मागे आहे. म्हणजे सकाळी १०.४० ला निघालो तर तिथल्या घड्याळात दुपारी दोन वाजता पोचणार. हे गणित तीनदा केलं.

खरं म्हणजे मी कारण शोधत होतो. व्हिसा लागेल म्हणावं, तर पोलंडचे कागद असले की पोर्तुगालला वेगळा लागत नाही. तिकीट महाग म्हणावं, तर आठ हजारात मिळतं. सुट्टी नाही म्हणावं, तर शनिवार-रविवार सुट्टी असते हे मीच ऑगस्टमध्ये आईला कौतुकाने सांगितलं होतं.

नाना टेप गुंडाळत बाजूला येऊन बसले. "काय बघतोयस?"

"अंतर."

"अंतर बघतोयस की पळवाट? धन्या, तू लालबागला चालत जा. बाकीची सगळी विमानं रद्द कर."

नाना नायगावला बीडीडी चाळीत राहतात. त्यांच्या दोन मुली बँकेत आहेत. त्यांना बोलायला काय जातं.

आमच्यात मुलगी द्यायच्या आधी घरचा पुरुष माणूस जाऊन मुलाचं घर बघून येतो. पाणी किती वेळ येतं, मोरी कशी आहे, अंथरुणं धुतलेली आहेत का, शेजारी काय बोलतात. नुसतं फोनवर ठरवलं तर मागून लोक म्हणतात, मुलगी ढकलून दिली. बाबा असते तर ते गेले असते. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आता मीच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

शंतनुला फोन केला. तोही व्हॉट्सअॅपवर इथलाच जुना नंबर वापरतो, माझ्यासारखाच. चेहरा बरा आहे. जाड जॅकेट घातलं होतं आणि कपाळ घामाने चमकत होतं. मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ, इथे हीटर फार जोरात लावतात." ऐकून बरं वाटलं. म्हणजे आईला सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. मागे कावळे ओरडत होते. तिकडे कावळे असतील असं वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी यायचं ठरवतोय. पण कामाचं काही सांगता येत नाही. समजा नाही जमलं तर..."

तो लगेच म्हणाला, "नाहीच जमलं तरी चालेल! इतक्या लांब कशाला खर्च करताय? आपण दोघं सांगू ना भेटलो म्हणून. मी खोलीचं सगळं सांगतो, तुम्ही आईंना सांगा."

"तुम्हाला चालेल?"

"मला काय, तुमचे पैसे वाचतील."

समजूतदार मुलगा आहे. मेव्हणा म्हणून असाच माणूस हवा. रात्रीचं जेवण नीट गेलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज प्रवास.

मुंबईच्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन बंद केला आणि साडेसहाला उघडला. बरोबर चार तास वीस मिनिटं. मध्ये एकदाही उघडला नाही. आई अधूनमधून 'शेवटचं कधी पाहिलं' बघते.

फोन नसल्यामुळे काम भराभर झालं. एकशे बारा फळ्या. नाना खालून ओरडले, "हवाईसुंदरीने चहा दिला का रे?" हमाल हसले. मीसुद्धा हसलो, आणि मग लक्षात आलं, की आता परत यायचं विमानही पकडायला लागणार.

रविवार, १९ ऑक्टोबर

आईला अहवाल दिला. शंतनुने सांगितलेलं सगळं कागदावर लिहून घेतलं होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना निळ्या फरशा. खिडकीतून ट्राम दिसते. मोरी खोलीतच, गरम पाणी चोवीस तास.

"अंथरूण?" आईने विचारलं.

कागदावर अंथरूण नव्हतं. "स्वच्छ," मी म्हणालो. "पांढरी चादर."

"एकटो पुरुष आणि पांढरी चादर? नवीन घातली असतली तू येतलस म्हणान." आई खूश झाली. मी येणार म्हणून त्याने चादर बदलली, हे तिला फार आवडलं.

मग दर्शनाने फोन घेतला. ती परळला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिथल्या सहा वर्षांत तिने एकदाही कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवलेला मला माहीत नाही. औषधाची तारीखही दोनदा वाचते.

"दादा, तू स्वतः बघितलंस ना? डोळ्यांनी?"

"हो."

"माणूस बरा आहे?"

"बरा आहे."

"बघ हां. मी त्याला फोनवर सगळं विचारू शकते, पण खोली हुंगू शकत नाही. तू बघितलंस म्हणून हो म्हणतेय."

तिने हो म्हटलं. आई पाठीमागे देवाला साखर ठेवत होती, वाटीचा आवाज आला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

दर्शनाने मोबाइल पाटावर ठेवून मला ओवाळलं. आरतीची ज्योत स्क्रीनच्या इतकी जवळ आली की सगळं पिवळं झालं. ओवाळणी म्हणून मी दोन हजार पाठवले. पगारातले.

साखरपुडा रविवारी, २ नोव्हेंबरला ठरला, दोघांच्या फोटोंना आणि फोनला कुंकू लावून. राधाबाई आदल्या दिवशी तीन लाख न्यायला येणार. दर्शनाच्या तिकडच्या कागदांसाठी शंतनुला भरायचे आहेत. आई गळ्यातली बोरमाळ मोडणार आहे आणि गावच्या आंब्याच्या कलमांचे आगाऊ पैसे घेणार आहे. दर्शना ३१ तारखेला लॅबमध्ये राजीनामा देईल.

तीन लाख हा आकडा आईला दोनदा विचारला. पण प्रत्येक जण माझ्यासारखा फसत नाही. शंतनु तिथे आहे. त्याला माहीत असणार कुठे भरायचे ते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

हे नीट लिहिलं पाहिजे.

दुपारी दोन वाजता साखरपुड्याची वेळ ठरवायला बसलो. तीन गावांच्या घड्याळांचा मेळ घालायचा होता. मोबाइलवर अंतराच्या त्याच पानावर वर दोन्ही शहरांची चालू वेळ असते. वॉर्सा ९.३०. माझ्या तक्त्याप्रमाणे १०.३० हवे. मला वाटलं फोन बिघडला. मग शोधलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अख्ख्या युरोपात घड्याळं एक तास मागे करतात. काल केली. आता साडेतीन नाही, साडेचार. लिस्बनला साडेपाच.

काल आईशी बोलताना मी चुकीची वेळ सांगितली होती. आईला कळणार नाही, पण मला कळलं. तक्ता फाडून नवा केला.

दोन वाजून वीस मिनिटांनी शंतनुचा फोन आला. "भाऊ, पटकन बोला. दहा वाजत आलेत. दहाला हॉटेल उघडायचं असतं."

नव्या तक्त्याप्रमाणे लिस्बनला आठ पन्नास. मला वाटलं बिचारा विसरला, कामावर तासभर आधी जाऊन दारात बसेल. म्हटलं, "आरामात बोला. काल घड्याळ मागे गेलं ना? तुम्हाला अजून तास आहे."

"कोणाचं घड्याळ?"

"तुमचं. आमचंही. सगळ्यांचंच."

"हां हां. विसरलोच." आणि फोन कट.

मी मापं लिहायला घेतली. सहाव्या फळीला हात थांबला. तिथे मोबाइलवरची वेळ आपोआप बदलते. हॉटेल रविवारीही उघडं होतं. तिथे राहणारा माणूस रविवारी विसरेल, तर बंद दारासमोर तासभर उभा राहील. सोमवारी विसरणार नाही. सोमवारी तोच विसरेल, ज्याला कोणी सांगितलंच नाही. ज्याच्याकडे माझ्यासारखा भिंतीवर तक्ता आहे.

हीटर.

पाच वाजता मीच फोन केला. "शंतनु, तू कुठे आहेस?"

"आधी तू सांग तू कुठे आहेस." पहिल्यांदा तो मला अरेतुरे बोलला. "तू लिस्बनला येणार असं आत्याने सांगितलं तेव्हा दोन दिवस जेवलो नाही मी. मग फोनवर तूच म्हणालास, नाही जमलं तर. तेव्हाच ओळखलं. मी कोणाला सांगितलं का? मग तूही सांगू नकोस."

तो कफ परेडला मच्छीमार नगरात आहे, एका दोस्ताच्या खोलीत, दीड वर्ष. सुक्या बोंबलांचे गठ्ठे बांधतो. राधाबाईला माहीत नाही.

"आणि ते तीन लाख?"

"त्या पैशांनीच तर जायचंय, भाऊ. खरोखर जाणार. दर्शनाला पण नेणार. या वेळचा एजंट चांगला आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. हेच वाक्य मी जुलैमध्ये आईला म्हणालो होतो, पहिल्या एजंटने वीस हजार बुडवल्यावर.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सगळे मार्ग लिहून काढले.

एक, आईला सांगायचं की शंतनुबद्दल वाईट ऐकलं. ती विचारेल, तू तर बघून आलास ना? दोन, निनावी चिठ्ठी. आई चिठ्ठी घेऊन मलाच फोन करेल. तीन, शंतनुला माघार घ्यायला सांगायचं. काल सांगितलं. तो म्हणाला, "तू मला पाडलंस तर तुझा फ्लेक्स मी स्वतः उतरवीन." नंतर परत फोन करून रडला. चार, गप्प बसायचं. मग शनिवारी तीन लाख जातील आणि दर्शनाचं कुंकू एका फोनला लागेल.

प्रत्येक मार्ग माझ्या त्या पांढऱ्या चादरीपाशी येऊन थांबतो.

नाना डबा खात होते. सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील.

"बहिणीचा राजीनामा कधी?"

"परवा. जेवणाच्या सुट्टीनंतर देते म्हणाली."

"मग सुट्टीच्या आधी जा. आईकडे नको जाऊस. आई रडेल, तू रडशील, आणि तेवढ्यात राजीनामा दिला जाईल."

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पावणेबाराला निघालो. मास्क आणि टोपी. भायखळ्याचा पूल, मग लालबागच्या मागून. चाळीची गल्ली टाळली. बारा चाळीसला परळला लॅबच्या फाटकाशी उभा राहिलो.

दर्शना दहा मिनिटांनी बाहेर आली. हातात डबा आणि राजीनाम्याचं पाकीट. माझ्यापुढून गेली, चार पावलांवर थांबली, वळली.

"दादा? कधी आलास?"

"आलो नाही. गेलोच नव्हतो."

ती हसली. मग हसायची थांबली. माझे हात बघत होती, नखांत भुसा होता.

"कुठे असतोस?"

"रे रोडला. वखारीत."

"ऑगस्टपासून?"

"हो."

"आणि लिस्बन?"

"तोही गेलेला नाही. कफ परेडला आहे."

ती फाटकाच्या दगडावर बसली. बाजूच्या भजीवाल्याने तिला विचारलं, "ताई, पाणी?" तिने मान हलवली. पाकीट मांडीवर ठेवलं.

"मी हुंगू शकत नाही म्हटलं होतं ना तुला," ती म्हणाली. "तुझ्या नाकाने हुंगत होते मी, मेल्या."

मला वाटलं मारेल. तिने पाकीट चार वेळा फाडलं आणि तुकडे डब्याच्या पिशवीत टाकले, रस्त्यावर नाही. "आईला मी सांगणार नाही. तू सांगायचंस. तीन वाजता गॅलरीतल्या सगळ्या झोपतात, तेव्हा वर ये. टोपी काढू नकोस."

तीन वाजता गेलो. आईने आधी दार लावलं, मग खिडकी, मग माझ्या पाठीत एकच धपाटा घातला. आवाज बाहेर जाईल म्हणून दुसरा घातला नाही. मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला, "राधाबाईक म्हायत हा?" नाही म्हणालो.

मग तिने राधाबाईला फोन लावला आणि शांतपणे म्हणाली, पत्रिका परत दाखवली, मंगळ निघाला, आमचं नको. राधाबाई दहा मिनिटं बोलत होती. आई "व्हय, व्हय" करत तांदूळ निवडत होती.

मला वाटलं, सुटलो.

रविवार, २ नोव्हेंबर

घरच्या पोटमाळ्यावर लिहितोय. उभं राहता येत नाही, बसलं की डोकं वाशाला लागतं. पहाटे साडेचारला आईची जुनी शाल पांघरून गॅलरीच्या टोकाला संडासला जाऊन येतो. मग दिवसभर नाही. पाणी कमी पितो.

आई वखारीत परत जाऊ देत नाही. "माझो झिल भुशात निजूचो नाय," म्हणते. खाली उतरूही देत नाही. सात घरांना तोंड दाखवायचं, तर नीट परत यायला हवं, बॅग घेऊन, टॅक्सीतून. डिसेंबरच्या पंधरा तारखेला 'कंत्राट संपून' यायचं असं तिने ठरवलंय. त्रेचाळीस दिवस. आज सकाळी खालून हळू आवाजात विचारत होती, वॉर्साहून मुंबईला विमानाला किती तास लागतात, मध्ये कुठे बदलायला लागतं. बघून सांगतो म्हणालो.

आत्ता अकरा वाजता सुंदराबाई दारात आली होती, शेजारची. मी श्वास धरून पडलो होतो.

"काय गो सुभद्रा, साखरपुडो मोडलास म्हणे? आणि धनेश काय म्हणता?"

"काय म्हणतलो. थंय बर्फ पडाक लागलो. बाहेर पडूकच गावत नाय त्याका."

"अरे देवा. सांभाळ म्हणावं."

"सांगतंय."

आईचा आवाज अजिबात अडखळला नाही. माझ्यापेक्षा चांगलं सांगते.

हिशेब, आजपर्यंतचा.

दुसऱ्या एजंटला दिले ३,४०,०००. त्यात आईच्या पाटल्यांचे १,६५,०००, चाळीतल्या सात घरांचे ९०,०००, मामाचे २५,०००, दर्शनाचे ६०,०००.
पहिल्या एजंटकडे बुडाले २०,०००, माझेच.
'पोलंडहून' म्हणून सात घरांना फेडले १८,०००.
स्वेटर ४५०.
राधाबाईला द्यायचे होते ३,००,०००. दिले नाहीत.
वखारीतून पुढचा पगार नाही.

देणं: सात घरं ७२,०००. मामा २५,०००. आई १,६५,०००.
दर्शना ६०,०००. ती शिडीवर उभी राहून वाचत होती. म्हणाली, "माझे खोड." खोडले नाहीत. मग तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि ६०,००० च्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अधिक भाऊबीजेचे २,०००, दादाला परत केले.